मागांचा आवाज वजा करून

माझ्या काळजाला भोक पडलं तेव्हा मी हिरवा होतो. जुडीतल्या कोथिंबिरीसारखा ताजा हिरवा. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसतात. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी अजित वरुटे, इचलकरंजीचा. वडिलांच्या वेळचा यंत्रमागाचा कारखाना चालवतो. निम्मे माग जुने, सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याचे, खटाखट वाजणारे. निम्मे नवे, हवेच्या झोतानं सूत फेकणारे, ते एकसारखे घरघरतात. आमच्या गावात शांतता म्हणून काही नसते. भिंतीला पाठ टेकली की ती आतून थरथरताना कळते. पाहुण्यांना आमच्याकडे झोप लागत नाही आणि आम्हाला पाहुण्यांकडे.

पट्टी तुमच्याही छातीवर असेलच, तरी पुढं कधी कुणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. डाव्या बरगडीवर चिकटवायची ही पातळ पट्टी काळजाचे ठोके ऐकते, श्वास मोजते, आतली वीज टिपते आणि मोबाईलवर एक रंग दाखवते. हिरवा म्हणजे ठणठणीत, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धावा. सुरुवातीला ती डॉक्टर देत. मग विमावाले रंग मागू लागले, मग नोकरीवाले, मग मुलगी बघायला आलेली माणसं पोह्यांची बशी हातात धरूनच 'रंग बघू की जरा' म्हणायला लागली. शेवटी गर्दी आवरायला इस्पितळांनी दारात यंत्रं बसवली. हिरव्या माणसाला दार उघडत नाही.

पट्टीनं माणसं वाचवली, हे मी नाकारणार नाही. माझे मामा तिच्यामुळंच आज नातवाला शाळेत सोडायला जातात. पण तिच्या पायी एक गोष्ट आमच्या घरातनं गेली आणि ती गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही. 'काय होतंय तुला?' हे आम्ही एकमेकांना विचारायचं सोडून दिलं. बायकोचा गुडघा दुखला, मी म्हणायचो, हिरवी आहेस की. मागांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबर इराप्पानं सुट्टी मागितली, मी म्हणायचो, रंग दाखव. माझी लेक ईश्वरी पोलीस भरतीसाठी मैदानावर पळायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "पप्पा, शेवटच्या वळणाला छातीत फडफडतंय. डोळ्यांपुढं अंधारी येत्या." मी तिचा मोबाईल बघितला आणि म्हटलं, "हिरवीगार हाईस की गं. पळायचा कंटाळा आला म्हण सरळ." ती हसली, आम्ही सगळेच हसलो आणि जेवायला बसलो.

आता मुख्य गोष्ट. पट्टी गावात नवीन आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच निम्मं गाव लाल झालं होतं. मागांची घरघर जमिनीतनं अंगात चढते आणि पट्टीला वाटलं, सगळ्यांच्या काळजात बिघाड आहे. कामगार घरी बसले, माग थांबले. आम्ही कारखानदारांनी कंपनीकडे ओरड केली. कंपनीनं काळे नावाचे इंजिनिअर पाठवले. भला माणूस, केस पिकलेले, बोलणं हळू. त्यांना जुने आणि नवे दोन्ही माग एका छपराखाली हवे होते, म्हणून ते माझ्या कारखान्यात मुक्कामाला आले. मागांचा आवाज त्यांनी हरतऱ्हेनं टिपला आणि त्यातनं एक गाळणी बनवली. पट्टी जे ऐकेल त्यातनं ती मागांचा आवाज वजा करायची आणि उरलेल्यावरून रंग ठरवायची.

त्यांनी आम्हाला ते समजावूनही सांगितलं होतं. काळीज ठोका देतं, थांबतं, पुन्हा ठोका देतं. माग थांबत नाही. म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या जागेतही जो आवाज न तुटता चालू असेल, तो मागाचा समजायचा. शिवाय असा आवाज येतोय म्हणजे माणूस कारखान्यात आहे, कारखान्यात आहे म्हणजे अंगमेहनत करतोय, म्हणून त्याचे ठोके आणि श्वास वाढलेले असले तरी घाबरायचं नाही. आम्हाला हे इतकं पटलं की आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल आणि नारळ माझ्या हातानं दिला. फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे.

संक्रांतीच्या सुमारास मी आणि इराप्पा सुताचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड लोखंडी रूळ, मागावर चढवत होतो. त्याचा पाय घसरला आणि सगळा भार माझ्याकडे आला. त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी टरकन फाटलं. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ते दुसरं काही वाटूच शकत नाही. मी जमिनीवर बसलो. इराप्पानं पाणी दिलं आणि माझाच मोबाईल माझ्यापुढं धरला.

"काय न्हाई मालक, हिरवं हाय," तो म्हणाला.

आणि मला बरं वाटलं. याचंच मला अजून नवल वाटतं. छाती माझी, कळ मला आलेली, आणि रंग बघून मला बरं वाटलं.

त्यानंतर मी जिना चढताना मध्ये थांबायला लागलो. उताणा झोपलो की गुदमरायचं, म्हणून उशीवर उशी रचली. पाय सुजले, चपलेचे अंगठे रुतायला लागले. कानात सतत घुमायचं, पण आमच्या गावात कुणाच्या कानात घुमत नाही? मी दिवसदिवस कॉटवर पडून राहायला लागलो. बायको, सुवर्णा, स्वभावानं कडक नाही, पण तिनं तरी काय करावं?

"अहो, हिरवे दिसताय की," ती म्हणायची. "तुमच्या बहिणीकडं बारसं हाय म्हटलं की तुमचं असंच सुरू होतंय."

एकदा मी असाच पडलेलो असताना मोबाईल वाजला. पट्टीचा निरोप होता : शाबास, आज तुम्ही दिवसभर कष्टाचं काम केलंत. सुवर्णानं तो वाचला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"कष्टाचं काम म्हणं. कूस बदलायचं?"

"मला पण रोज शाबासकी येत्या," आतनं ईश्वरी म्हणाली. "कॉलेजात बसून असलो तरी."

मीही हसलो. हसताना धाप लागली म्हणून उठून बसलो. मला वाटायला लागलं होतं की दोष माझ्या मनातच आहे. माणूस म्हातारा व्हायला लागला की कामचुकार होतो, तसं काहीतरी. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि कारखान्यात जायचो.

शेवटी एक दिवस घरात न सांगता सांगलीला गेलो. मोठ्या इस्पितळाच्या दारात उभा राहिलो. यंत्रानं पट्टी वाचली आणि गोड आवाजात म्हणालं, "अभिनंदन. आपण निरोगी आहात. कृपया रांग मोकळी करा." मागच्या माणसानं मला खांद्यानं बाजूला केलं. बाहेर चहाची गाडी होती, तिच्या बाकड्यावर जाऊन बसलो. घरी परत जायचं तर बसस्टँडपर्यंत चालण्याचं बळ राहिलं नव्हतं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई चहा पीत होत्या. पांढरा कोट मांडीवर घडी करून ठेवलेला. त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या गळ्याकडे.

"दादा, मानेची शीर केवढी उडतेय तुमची," त्या म्हणाल्या.

"उडू दे," मी म्हटलं. "हिरवा हाय मी."

"रंग नाही विचारला. काय होतंय तुम्हाला?"

एवढा साधा प्रश्न. परक्या बाईपुढं, चहाच्या गाडीवर, पन्नाशीतला बाप्या मी रडायला लागलो. मग टरकन फाटल्यापासूनचं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी शर्टावरूनच माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझा हात धरून त्याच जागी टेकवला.

चालू मागाच्या चौकटीवर हात ठेवला की जी थरथर लागते ती मी लहानपणापासून ओळखतो. तीच थरथर माझ्या बरगड्यांच्या आतून येत होती. सांगलीत, कारखान्यापासून इतक्या लांब. मी दचकून हात काढून घेतला.

"जागचे हलू नका," त्या म्हणाल्या. त्या हृदयरोगाच्या डॉक्टर होत्या, नाजनीन बागवान.

त्यांनी चाकाची खुर्ची आणवली. दारातल्या यंत्रानं पुन्हा माझं अभिनंदन केलं. डॉक्टरांनी माझी बटणं काढली, पट्टीचं टोक नखानं उचललं आणि एका झटक्यात ती ओढून काढली, तिच्याबरोबर छातीवरचे केसही. दार उघडलं. पट्टी नसते ती तान्ह्या मुलांना आणि त्यांना आईबरोबर आत सोडायचं असं यंत्राला शिकवलेलं आहे. मी बागवान डॉक्टरांचं बाळ म्हणून इस्पितळात शिरलो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी मला माझं काळीज दाखवलं. तोवर डॉक्टरांनी फोन करून बोलावलेल्या सुवर्णा आणि ईश्वरीही, रुग्णाचे नातेवाईक म्हणून आत सोडलेल्या, धापा टाकत येऊन पोचल्या होत्या.

"काळजातून शुद्ध रक्ताची मोठी नळी निघते, ती महाधमनी," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. प्रत्येक पाकळीच्या मागं भिंतीला एक छोटा खिसा असतो. यांच्या एका खिशाची भिंत जन्मापासूनच पातळ. वर्षानुवर्षं रक्ताच्या दाबानं ती फुगत गेली आणि तिचा फुगा झाला. हा आजार फार क्वचित दिसतो. बीम उचललं तेव्हा फुगा फुटला."

"फुटला?" सुवर्णानं विचारलं.

"आतल्या आत. शेजारच्या उजव्या कप्प्यात. महाधमनीतलं जोराचं रक्त त्या भोकातनं सारखं तिकडं घुसतंय, ठोक्यालाही आणि ठोका थांबल्यावरही. म्हणून आवाज तुटत नाही. आमच्या जुन्या पुस्तकांत त्याला यंत्रासारखी घरघर म्हणायचे." "पट्टीनं हे कसं सोडलं, मला कळत नाही. हे पहिल्या दिवशी लाल व्हायला हवे होते."

मला मात्र कळलं होतं. यंत्रासारखी, न तुटणारी. काळे इंजिनिअरांचा हळू आवाज मला आठवला, त्यांच्या खांद्यावर शाल टाकतानाचा माझा हात आठवला. माझ्याच कारखान्यात टिपलेल्या आवाजानं माझ्या काळजाची घरघर पुसून टाकली होती. मी कॉटवर मरत पडलो होतो आणि पट्टी समजत होती की मी मागावर राबतोय.

"भोक बुजवलं नाही तर?" ईश्वरीनं विचारलं.

"काळीज थकत चाललंय. फार वेळ नाही."

सुवर्णा भिंतीला टेकून उभी होती ती तशीच खाली बसली. "मी ह्यांना नाटकी म्हटलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पाय सुजलेले दिसत होते मला. मी डोळ्यांनी बघत होते आणि नाटकी म्हणत होते."

"मी पण स्वतःला तेच म्हणत होतो," मी म्हटलं.

छाती फाडावी लागली नाही. जांघेतल्या शिरेतनं बारीक नळी काळजापर्यंत नेऊन तिच्यातनं बूच पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी ते मला हातात दिलं. केसासारख्या तारेचं विणलेलं, मधे कंबर आणि दोन्ही बाजूंना तबकडी. भोकाच्या अलीकडे एक तबकडी उघडायची, पलीकडे दुसरी आणि हळूहळू त्या विणीत माझंच मांस भरून यायचं. मी उजेडात धरून वीण बघितली. घट्ट होती, कुठं धागा सुटलेला नव्हता. या विणीवर भरवसा ठेवायला हरकत नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

भूल अर्धवटच दिली होती. पडदा मला दिसत नव्हता, पण बूच बसलं तो क्षण मला कळला. आतली घरघर थांबली. गावातले सगळे माग एकदम बंद पडल्यावर कान जसे बधिर होतात, तसं मला छातीत झालं. क्षणभर वाटलं, मेलो. मग ठोका ऐकू आला. मग थोडी शांतता. मग पुन्हा ठोका.

काळे भेटायला आले. पट्टीनं ऐकलेला मूळ आवाज कंपनीकडे साठवलेला असतो, तो त्यांनी डॉक्टरांपुढं लावला. आधी गाळलेला : लब-डब, लब-डब, शिकवणीला वापरावा असा सुरेख. मग न गाळलेला : घर्रर्र, त्यात बुडालेले ठोके. खाली वेळ लिहिलेली होती. मी घरात झोपलेलो असतानाची ती वेळ होती. काळे पिशवीतनं शाल काढून माझ्या पायाशी ठेवायला लागले. मी त्यांचे हात धरले. मला राग येत नव्हता असं नाही, पण तो त्यांच्या एकट्यावर काढण्याजोगा नव्हता. गाळणी आम्हीच मागितली होती.

"ती गाळणी काढून टाका," डॉक्टर म्हणाल्या. "आजच."

त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी अख्खं इचलकरंजी लाल झालं.

सासूबाई लाल, सूनबाई लाल, सत्तरी उलटलेले लाल आणि आखाड्यात जोर मारणारे लाल. इस्पितळांच्या दारांत यंत्रं सगळ्यांना आत सोडायला लागली आणि आत उभं राहायला जागा उरली नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की पंचगंगेचा पूल ओलांडून मागांच्या आवाजाबाहेर गेलं की पट्टी पुन्हा हिरवी होते. झालं. लोक पुलापलीकडे जाऊन उभे राहायला लागले. कुणी साखरपुड्याच्या आधी, कुणी कामाची पाळी लागायच्या आधी. तिथं भेळेच्या गाड्या लागल्या. महिना उलटायच्या आत गावात लाल रंगाला कुणी विचारेना, आणि मला तर कुठलाच रंग बघवेना. नवी पट्टी मी लावलीच नाही.

तपासणीला सांगलीला जायचं होतं. सुवर्णा आणि ईश्वरी बरोबर आल्या. बस गच्च भरलेली. गाव मागं पडलं तसे लोकांच्या खिशांत मोबाईल टिंग टिंग वाजायला लागले. सगळी बस हिरवी होत होती. सुवर्णानं आपला मोबाईल बघून मला दाखवला, हिरवा. ईश्वरी खिडकीतनं बाहेर बघत होती. तिचा मोबाईल तिच्या हातात पालथा होता.

बागवान डॉक्टरांच्या इस्पितळाच्या दारात आता पट्टी वाचणारं यंत्र नव्हतं. त्यांनी ते काढायला लावलं होतं. खोलीत त्यांनी मला तपासलं, छातीवर हात ठेवला, आणि मान हलवली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी सुवर्णाला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

सुवर्णानं आधी गुडघा सांगितला, मग कंबर, मग सकाळी बोटं आखडतात ते, मग आईच्या दुखण्यात झोप गेली ती अजून आलेली नाही ते. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि तुला गं? तुला काय होतंय?"

ईश्वरीनं डॉक्टरांकडे बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "बरी हाय."

तो उडवून लावायचा सूर मला ओळखीचा वाटला. तो माझाच होता. चहाच्या गाडीवर मीही 'उडू दे' असंच म्हणालो होतो. मग मला आतल्या खोलीतनं आलेला तिचा आवाज आठवला. मला पण रोज शाबासकी येत्या. कॉलेजात बसून असलो तरी. मैदानाचं शेवटचं वळण आठवलं आणि आमचं सगळ्यांचं हसणं आठवलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, जन्मापासूनच पातळ. हे बापाकडून लेकीकडे जातं का, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

मोबाईल तिच्या मांडीवर पालथा पडलेला होता. मी तो सुलटा केला नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"ईश्वरी," मी म्हटलं, "काय होतंय तुला?"

तिनं मान वर केली.

"तुम्हाला सांगितलंतं की पप्पा," ती म्हणाली.

"पुन्हा सांग."

ती सांगायला लागली. डॉक्टर उठून तिच्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यावरून त्यांनी तिच्या छातीवर तळहात ठेवला. ईश्वरी बोलत राहिली. डॉक्टरांनी हात उचलला नाही.